तीन पानीपासून पोकरपर्यंत: कुठला हात किती वेळा येतो, ते स्वतः कसं मोजायचं

तीन पानीत ट्रेल (एकाच दर्जाची तीन पानं) सगळ्यात वर आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची लागोपाठची तीन पानं) त्याच्या खाली, हा क्रम बेळगावच्या कुठल्याही गल्लीतल्या पोराला पाठ असतो. पण मोजायला बसलात तर ट्रेल ५२ प्रकारे होते आणि प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे. म्हणजे जो हात कमी वेळा येतो तोच खाली बसलाय. क्रम हा खेळाचा नियम आहे आणि शक्यता हा पानांचा हिशेब आहे. दोन्ही जुळतीलच असं नाही. पोकर शिकताना हा घोळ आणखी वाढतो, कारण मोबाइलवर सहज सापडणारा तक्ता पाच पानांचा असतो आणि खेळ चाललेला असतो सात पानांचा.

आपल्या सीमाभागात पत्ते सगळीकडे आहेत. गणपतीत मंडपातलं जागरण, दिवाळीच्या रात्री, खानापूरकडे धो धो पाऊस लागला की घरात अडकलेली दुपार. तीन पानी बहुतेकांना येते, म्हणून तिथूनच सुरुवात करू आणि तीच पद्धत पोकरपर्यंत नेऊ. गुणाकार, भागाकार आणि टक्केवारी येत असली की पुरे. आकडे पाठ करू नका. कागद घेऊन एकदा स्वतः काढा.

आधी एक गोष्ट. हे सगळं चिंचोक्यांवर खेळा. पैसे लावून चालवलेल्या जुगारअड्ड्यावर आपल्याकडे कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ लागतो. निपाणीपलीकडे कागलला गेलात तर महाराष्ट्राचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. चोर्ला घाट उतरून पणजीला गेलं की मांडवीतले कॅसिनो परवान्यावर चालतात, पण तिथे पोकरच्या डावातून कॅसिनो आपला वाटा कापून घेतो. तुमचं गणित अचूक असलं तरी तो वाटा जातोच. शक्यता शिकायला चिंचोके पुरतात, आणि हरलेला माणूस शांतपणे विचार करू शकतो.

पहिली पायरी: एकूण हात किती होतात

५२ पानांच्या कॅटमधून पहिलं पान ५२ प्रकारे येऊ शकतं, दुसरं ५१, तिसरं ५०. गुणाकार १,३२,६००. पण हातात राजा-राणी-सत्ती आली काय किंवा सत्ती-राजा-राणी आली काय, हात एकच. तीन पानं सहा वेगवेगळ्या क्रमांनी येऊ शकतात, म्हणून सहाने भागा. उत्तर २२,१००. तीन पानीतले सगळे हात एवढेच. (आंबोलीमार्गे सावंतवाडीला गेलात तर तिथल्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं असतात. पद्धत हीच राहते, सुरुवातीचा आकडा बदलतो.)

आता एकेक हात.

ट्रेल: एक्क्यापासून राजापर्यंत पानांचे दर्जे १३. प्रत्येक दर्जाची चार पानं, त्यातली तीन निवडायची म्हणजे एक बाहेर ठेवायचं, हे चार प्रकारे होतं. १३ × ४ = ५२.

प्युअर सिक्वेन्स: एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२ सिक्वेन्स होतात. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार रंग. १२ × ४ = ४८. एखाद्या घरी एक्का-दुर्री-तिर्री धरत नाहीत; तिथे ११ × ४ = ४४.

साधा सिक्वेन्स: त्याच १२ सिक्वेन्समधलं प्रत्येक पान चारपैकी कुठलंही, म्हणजे १२ × ६४ = ७६८. यातले ४८ प्युअर वजा केले की ७२०.

कलर: एका रंगाच्या १३ पानांतून तीन निवडायची, २८६ प्रकारे. चार रंगांचे १,१४४, त्यातून ४८ प्युअर वजा. उरले १,०९६.

जोडी: दर्जा १३ प्रकारे, त्याच्या चार पानांतली दोन ६ प्रकारे, तिसऱ्या पानाचा दर्जा उरलेल्या १२ पैकी एक, आणि ते पान ४ पैकी एक. १३ × ६ × १२ × ४ = ३,७४४. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटेल.

बाकी राहिलेले १६,४४०, म्हणजे नुसतं मोठं पान.

टक्क्यांत मांडलं तर ट्रेल ०.२४, प्युअर ०.२२, सिक्वेन्स ३.२६, कलर ४.९६, जोडी १६.९४ आणि नुसतं मोठं पान ७४.३९. चारपैकी तीन वेळा हातात काहीच नसतं. नवीन खेळणाऱ्याने हे मनात नीट बसवायला हवं, कारण तो सिक्वेन्सची वाट बघत बसतो आणि खेळ खरं तर एक्का-राजाच्या पातळीवरच चाललेला असतो.

दुसरी पायरी: मधला हात शोधा

माझ्या मते तीन पानीतला सगळ्यात उपयोगी आकडा कुठल्याही तक्त्यात छापलेला नसतो. तो म्हणजे बरोबर मधला हात: ज्याच्या खाली निम्मे हात आहेत आणि वर निम्मे.

तो काढता येतो. मोठ्या पानाच्या १६,४४० हातांपैकी सगळ्यात मोठं पान एक्का असलेले ३,८४० आणि राजा असलेले ३,२४०. उरलेले ९,३६० राणी किंवा तिच्याखालचे. एकूणाचा निम्मा म्हणजे ११,०५०. राणीपर्यंत ९,३६० झाले, पुढचे १,६९० राजाच्या हातांतून घ्यायचे. राजाच्या हातांत दुसरं पान नव्वी किंवा त्याहून लहान असलेले १,६८० आहेत. बेरीज ११,०४०, म्हणजे जवळजवळ अचूक निम्मे. तेव्हा राजा-नव्वी-अठ्ठीपर्यंतचे हात खालच्या अर्ध्यात, आणि राजा-दश्शी-दुर्रीपासून वरचा अर्धा भाग सुरू.

समोरचा ब्लाइंड खेळतोय तेव्हा याचा थेट उपयोग होतो. त्याने पानं बघितलेली नाहीत, म्हणून त्याचा हात या २२,१०० पैकी कुठलाही असू शकतो. तुमच्याकडे राजा-दश्शी असेल तर तुम्ही आणि तो बरोबरीत आहात.

पण बरोबरी पुरत नाही. पान बघितलेल्याला ब्लाइंडच्या दुप्पट चाल (डावात राहण्यासाठी टाकायचे चिंचोके) द्यावी लागते, आणि बहुतेक घरी ब्लाइंड माणसाकडून शो, म्हणजे दोघांची पानं उघडून निकाल, मागता येत नाही. म्हणजे तो एक चिंचोका टाकतो तेव्हा तुम्ही दोन टाकता, आणि हे लांबत जातं. नव्याने पडणाऱ्या चिंचोक्यांचाच हिशेब केला तर तुम्हाला तीनपैकी दोन वेळा जिंकायला हवं. तो हात कुठला? एक्का-दश्शी-नव्वीपर्यंतच्या हातांची बेरीज १४,७०० होते, म्हणजे एकूणाच्या ६६.५ टक्के. तेव्हा एक्का-गुलाम-दुर्रीपासून पुढे तुम्ही ब्लाइंडसमोर निवांत चाल देऊ शकता. राजा-दश्शी आणि एक्का-दश्शी यांच्यामधल्या हातांवर मधे आधीच पडलेली रास बघायची. बूट (सुरुवातीला सगळ्यांनी टाकलेले चिंचोके) मोठा असेल आणि चाल लहान असेल तर एखादी चाल देणं परवडतं, नाहीतर पॅक, म्हणजे हात सोडून द्यायचा.

एक सावधगिरी. ब्लाइंड माणसाने मधेच पानं उचलून बघितली आणि तरी चाल दिली, तर त्या क्षणी वरचा हिशेब बंद. आता त्याचा हात कुठलाही राहिलेला नाही. वाईट हात त्याने टाकला असता. तुमचा एक्का-गुलाम पाच मिनिटांपूर्वी जेवढा चांगला होता तेवढा आता नाही, जरी तुमच्या हातातलं एकही पान बदललेलं नाही.

तिसरी पायरी: माणसं मोजा

खेळणाऱ्यांची संख्या हा आकडा बहुतेक लोक हिशेबात घेतच नाहीत. समजा तुमच्याकडे नव्व्यांची जोडी आहे. तिच्यावरचे हात किती? दश्शीपासून एक्क्यापर्यंत पाच दर्जांच्या जोड्या, प्रत्येकी २८८, म्हणजे १,४४०. त्यात कलर, सिक्वेन्स, प्युअर आणि ट्रेल मिळून १,९१६. एकूण ३,३५६, म्हणजे १५.२ टक्के.

एकाच माणसासमोर ८५ टक्के वेळा तुम्ही पुढे. दोघांसमोर ०.८४८ ला ०.८४८ ने गुणा: ७२ टक्के. पाच जणांसमोर हाच गुणाकार पाचदा केला की ४४ टक्के उरतात. (तुमची तीन पानं कॅटमधून गेल्यामुळे आकडा थोडा हलतो, पण टेबलावर बसून एवढा अंदाज पुरेसा असतो.) तीच जोडी, तीच पानं, आणि सहा जणांच्या डावात ती निम्म्याहून जास्त वेळा कुणाच्या तरी मागे असते.

हीच रीत मोठ्या हातांना लावा. समोरच्या पाच जणांपैकी कुणाकडे तरी जोडी किंवा वरचं असण्याची शक्यता ७७ टक्के, कलर किंवा वरचं ३६, सिक्वेन्स किंवा वरचं १७. या तीन आकड्यांवर मी स्वतः सहा जणांच्या डावात बराच भरवसा ठेवतो. प्रत्यक्षात लहान हातवाले लवकर पॅक होतात आणि शेवटी दोघे-तिघे उरतात. उरलेले दोघे म्हणजे कुणीही दोघे नव्हेत, पाचांतून गाळून उरलेले आहेत. म्हणून शेवटी दोघेच समोर असले तरी ७२ टक्क्यांवर विसंबू नका. खरा आकडा त्याच्या खालीच असतो.

जोकर आला की सगळं पुन्हा मोजा

जागरणात रात्र चढली की साधी तीन पानी सोडून एके-सत्तेचाळीस सुरू होते: एक्का, राजा, चव्वी, सत्ती हे चारही दर्जे जोकर. सोळा जोकर! इथे वरचे टक्के कामाचे नाहीत.

जोकर नसलेली ३६ पानं. त्यातलीच तीन येण्याचे प्रकार ७,१४०, म्हणजे ३२ टक्के. तेव्हा तीनपैकी दोन हातांत निदान एक जोकर आहे आणि निदान जोडी आहेच. ट्रेल किती? दोन किंवा तीन जोकर आले की ट्रेल झालीच: ४,८८० प्रकार. एक जोकर आणि साध्या पानांची जोडी: १६ × ९ × ६ = ८६४. तीन साध्या पानांची ट्रेल ३६. बेरीज ५,७८०, म्हणजे २६ टक्के. चार हातांमागे एक ट्रेल! सहा जणांच्या डावात समोरच्या पाचांपैकी कुणाकडे तरी ट्रेल असण्याची शक्यता ७८ टक्के. म्हणून एके-सत्तेचाळीसमध्ये साधा सिक्वेन्स घेऊन चाल वाढवत नेणं म्हणजे तीन पानीत राणीवर लढण्यासारखं आहे. तिथे लढाई ट्रेल-ट्रेलमध्ये असते आणि कुठल्या पानाची ट्रेल, यावर निकाल लागतो.

अंदर-बाहरबद्दल दोन वाक्यं, कारण आपल्या भागात तेही खूप चालतं आणि त्याची युक्ती विचारणारे भेटतात. एक पान उघडून बाकीची आळीपाळीने दोन बाजूंना टाकतात, आणि त्याच दर्जाचं पान ज्या बाजूला आधी पडेल ती जिंकते. उघडलेल्या पानाच्या दर्जाची तीन पानं उरलेल्या ५१ मध्ये असतात; ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू ५१.५ टक्के वेळा जिंकते, दुसरी ४८.५. जिथे पहिल्या बाजूला रुपयामागे ९० पैसेच देतात तिथे ती बाजू शंभरामागे सरासरी दोन रुपये घालवते आणि दुसरी बाजू तीन. घ्यायला दुसरा कुठलाच निर्णय नाही, त्यामुळे युक्तीही नाही.

चौथी पायरी: पाच पानं

पोकरच्या हातांची उतरंड पाच पानांवर बेतलेली आहे. ५२ पानांतून पाच निवडण्याचे प्रकार २५,९८,९६०. तीन पानीवाल्याला इथे पहिला धक्का बसतो तो कलरचा: आपल्याकडे सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये फ्लश म्हणजे कलर स्ट्रेटला म्हणजे सिक्वेन्सला मारतो. दोन्ही ठिकाणी पानांशी प्रामाणिक क्रम आहे. तीन पानांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८, म्हणून फ्लश दुर्मीळ. पानं वाढली तसा एकाच रंगाची सगळी पानं येणं जास्त वेगाने अवघड होत गेलं.

फुल हाउस, म्हणजे तीन एका दर्जाची आणि दोन दुसऱ्या, मोजून बघा: १३ × ४ × १२ × ६ = ३,७४४. तीन पानीतल्या जोडीचा आकडा! योगायोग नाही, गुणाकारातले चारही आकडे तेच आहेत, फक्त त्यांची कामं बदलली आहेत. ज्याला हे एकदा दिसलं त्याला बाकीचे हात स्वतः मोजता येतात.

बाकीचं भराभर: रॉयल फ्लश (एकाच रंगाची दश्शी ते एक्का) ४, इतर स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचा स्ट्रेट) ३६, फोर ऑफ अ काइंड (एका दर्जाची चारही पानं) ६२४ म्हणजे ४,१६५ मध्ये एकदा. फुल हाउस ६९४ मध्ये एकदा, फ्लश ५०९ मध्ये एकदा, स्ट्रेट २५५ मध्ये एकदा. थ्री ऑफ अ काइंड (एका दर्जाची तीन) २.१ टक्के, टू पेअर (दोन जोड्या) ४.८, एक जोडी ४२.३, नुसतं मोठं पान ५०.१.

हा तक्ता जिथे तिथे दिसतो. टेक्सास होल्डेम, म्हणजे सात पानांचा पोकर, खेळताना तो समोर ठेवू नका.

पाचवी पायरी: होल्डेमची सात पानं

होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात आणि टेबलावर पाच पानं सगळ्यांत मिळून उघडतात: आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, मग शेवटचं रिव्हर. सातांतली सर्वांत चांगली पाच धरायची. सात पानांचे प्रकार १३,३७,८४,५६०, आणि टक्के असे होतात: एक जोडी ४३.८, टू पेअर २३.५, नुसतं मोठं पान १७.४, थ्री ऑफ अ काइंड ४.८, स्ट्रेट ४.६, फ्लश ३.०, फुल हाउस २.६, फोर ऑफ अ काइंड ०.१७, स्ट्रेट फ्लश रॉयलसकट ०.०३.

पाच पानांत टू पेअर २१ मध्ये एकदा यायची, इथे जवळजवळ चौथ्या हाताला येते. फुल हाउस ६९४ ऐवजी ३८ मध्ये एकदा. आणि काहीच न जमणं हे जोडीपेक्षाच काय, टू पेअरपेक्षाही दुर्मीळ झालं, तरी क्रमात ते सगळ्यात खाली राहतं. तीन पानीतून आलेला माणूस जोडी बघून खूश होतो; होल्डेममध्ये शेवटापर्यंत जोडी ही सर्वसाधारण गोष्ट आहे.

हे टक्केही एका बाबतीत फसवतात. टेबलावरची पानं सगळ्यांची असतात. टेबलावरच दोन राण्या पडल्या तर प्रत्येकाकडे निदान जोडी आहे आणि तुमच्या त्या जोडीला काही किंमत नाही. मोजायचं ते तुमची दोन पानं टेबलात काय भर घालतात आणि दुसऱ्याची काय घालू शकतात.

सुरुवातीच्या दोन पानांचे प्रकार १,३२६. कुठलीही जोडी १७ मध्ये एकदा, दोन एक्के २२१ मध्ये एकदा. हातात जोडी असेल तर फ्लॉपवर त्याच दर्जाचं तिसरं पान येणं ११.८ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. जोडी नसलेली पानं असतील तर फ्लॉपवर त्यातल्या एखाद्याची जोडी लागणं ३२ टक्के. तीनपैकी दोन वेळा फ्लॉप कोरडा जातो. एक्का-राजा घेऊन बसलेल्याने हे आधीच मान्य केलेलं बरं. दोन एक्क्यांचंही तेच तीन पानीसारखं: एका माणसाच्या कुठल्याही दोन पानांसमोर ते ८५ टक्के वेळा जिंकतात, पाच जण शेवटपर्यंत थांबले तर सुमारे ४९ टक्के. म्हणून चांगली पानं असताना सुरुवातीलाच बोली वाढवून माणसं कमी करायची असतात.

सहावी पायरी: उपयोगी पानं मोजणं

खेळाच्या ओघात तुम्हाला खरोखर करावं लागणारं गणित हेच, आणि ते सोपं आहे. समजा तुमच्याकडे बदामचा एक्का आणि बदामची सत्ती. फ्लॉपवर बदामचा राजा, बदामची चव्वी, किलवरची नव्वी. चार बदाम झाले, फ्लशला एक हवं. १३ बदामांतली चार दिसली, नऊ उरली. न दिसलेली पानं ४७. टर्नवर बदाम येण्याची शक्यता ९ भागिले ४७, म्हणजे १९ टक्के. टर्न आणि रिव्हर दोन्ही मिळून किती? उलट बाजूने जा: दोन्ही वेळा न येणं म्हणजे ३८/४७ गुणिले ३७/४६, ६५ टक्के. म्हणून येणं ३५ टक्के.

टेबलावर हा भागाकार करत बसायचं नाही. उपयोगी पानांची संख्या, दोन पानं यायची असतील तर ४ ने गुणा, एकच यायचं असेल तर २ ने. नऊ पानांना ३६ आणि १८ येतात, खरे आकडे ३५ आणि १९. दोन्ही टोकं उघडी असलेल्या स्ट्रेटला (लागोपाठची चार पानं आहेत, वरचं किंवा खालचं एक हवं) आठ पानं: ३२ येतात, खरा आकडा ३१.५. मधलं एकच पान हवं असेल तर चार पानं: १६ येतात, खरा १६.५. पंधरा पानांना मात्र ६० दाखवतं आणि खरं ५४ असतं. पानं दहाच्या पुढे गेली की थोडं कमी धरा.

आता चिंचोके. रास ८० ची आहे, समोरच्याने ४० टाकले, तुम्हाला थांबायला ४० द्यायचे आहेत. तुम्ही दिल्यावर रास १६० होईल, त्यात तुमचे ४०, म्हणजे २५ टक्के. तुमची शक्यता २५ च्या वर असेल तर द्या, खाली असेल तर सोडा. एकच पान यायचं असेल तर १९ टक्के, देऊ नका. समोरच्याने आपलं सगळं पुढे ढकललंय आणि ४० मध्येच दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तर ३५ टक्के, जरूर द्या. हात तोच, रास तीच, फक्त किती पानं त्याच पैशात दिसणार यावर उत्तर उलटलं. पहिल्या चालीला ४ ने गुणून मग टर्नवर पुन्हा चिंचोके देणारे खूप असतात. ते एकाच ३५ टक्क्यांसाठी दोनदा मोल मोजतात.

आणि नऊ पानं खरंच नऊ आहेत का? टर्नवर इस्पिकची नव्वी आली असं धरा. टेबलावर आता दोन नव्व्या. बदामची नव्वी आली तर तुमचा फ्लश होईल, पण टेबलावर तीन नव्व्या होतील आणि ज्याच्याकडे एखादा राजा, एखादी चव्वी किंवा हातात कुठलीही जोडी आहे त्याचं फुल हाउस. ते पान तुमच्या मोजणीतून काढा, उरली आठ. शिवाय समोरच्याकडे राजा-नव्वी असेल तर त्याचं फुल हाउस आधीच झालंय आणि आठही पानं निरुपयोगी आहेत. म्हणून जोडी टेबलावर पडली की मोठ्या चालीसमोर फ्लशच्या मागे धावताना हात आखडता घ्या.

सातवी पायरी: पिसणं, आणि स्वतः पडताळणं

इथवरचे सगळे आकडे एका गृहीतकावर उभे आहेत: पानं नीट पिसली आहेत. प्रत्यक्षात ती क्वचितच तशी असतात. आपण बहुतेक जण कॅट हातात धरून गठ्ठ्या-गठ्ठ्याने वरून खाली टाकतो. त्यात शेजारची पानं शेजारीच राहतात. मागच्या डावात एकत्र फेकलेली जोडी पुढच्या डावातही जवळजवळ असते. कॅटचे दोन भाग करून कडा एकमेकांत उतरवत पिसण्याच्या पद्धतीवर डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये काम प्रसिद्ध केलं: ५२ पानांना अशी सात पिसणी लागतात. गठ्ठ्याने पिसण्याला त्याच्या कितीतरी पट. तसं पिसता येत नसेल तर पानं चटईवर पालथी पसरा, दोन्ही हातांनी मिनिटभर सगळीकडे कालवा, गोळा करा, मग काटा.

"किती वेळ झाला पान नाही, आता लागतंय बघ की," असं दर जागरणात कुणीतरी म्हणतं. नीट पिसलेल्या कॅटला मागचा डाव आठवत नाही. सहा जणांनी रात्रभरात ४० डाव खेळले तर २४० हात होतात, आणि त्यात निदान एक ट्रेल पडण्याची शक्यता ४३ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त रात्री एकही ट्रेल न पडता संपतात, आणि त्यात पानांचा काही दोष नसतो.

पडताळायला सहा हात वाटा, सगळे उघडा, वहीत नोंद करा, पुन्हा पिसा. सतरा वेळा केलं की १०२ हात होतात. मोठं पान ७६ च्या आसपास, जोडी १७, कलर ५, सिक्वेन्स ३ असं यायला हवं. ट्रेल किंवा प्युअर बहुधा एकही नाही. जोड्या १० आल्या किंवा २५ आल्या तरी बिघडलं नाही, एवढा चढउतार असतोच. तिशीच्या वर गेल्या, आणि पुन्हा मोजल्यावरही गेल्या, तर पिसण्यात खोट आहे किंवा कॅटमध्ये दुसऱ्या कॅटचं पान मिसळलंय. प्रत्येक रंगाची १३ पानं मोजा. एखादं पान नुसतं हरवलं असेल तर ट्रेल आणि जोडीचे टक्के जराही बदलत नाहीत: ट्रेल ४९ उरतात, एकूण हात २०,८२५, आणि भागाकार पुन्हा ४२५ मध्ये एक. सिक्वेन्सचा आकडा मात्र किंचित हलतो, आणि कुठलं पान हरवलं त्यावर ते ठरतं. राणी तीन सिक्वेन्समध्ये बसते, एक्का दोनच.